चेटकाची वही

दिवाळी आली की आमच्या घरी पूर्वी नव्या वह्या येत. लांबट, लाल कापडाच्या बांधणीच्या, नव्या खळीचा वास येणाऱ्या. आमचा व्यापार तो केवढा! चार पोफळी, दहा माड आणि वर्षाकाठी थोडेबहुत आंबे. पण लक्ष्मीपूजनाच्या पाटावर वही ही हवीच. तिच्या पहिल्या पानावर श्री घालायचा, हळदकुंकू वाहायचे आणि पाडव्याला पहिली ओळ लिहायची. ती ओळ बहुधा जमेची असे. नावेची ओळ पहिल्याच दिवशी लिहू नये असा संकेत होता. माणसाला आपल्या हिशेबाची सुरुवात गोड लागते, एवढाच त्याचा अर्थ.

यंदा अशीच एक वही पाठवण्याबद्दल माझ्या भाचीचे पत्र आले. ती गेली बारा वर्षे इंग्लंडात असते. पत्रात लिहिले होते, "मामा, तुमच्याकडच्या त्या लाल चोपड्या अजून मिळतात का? मिळाली तर एक धाड. मी चेटूक शिकते आहे आणि मला त्याची रोजची टिपणवही घालायची आहे."

मी पत्र दोनदा वाचले. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले. मग मला हसू आले.

तिच्या लिहिण्यावरून असे कळले की तिकडे हा प्रकार आता चोरून करण्याचा राहिलेला नाही. इंग्लंडातला चेटकाविरुद्धचा 1735 सालचा कायदा 1951 साली रद्द झाला. त्यानंतर तीन वर्षांनी गेराल्ड गार्डनर नावाच्या गृहस्थांनी पुस्तक लिहून जाहीर केले की चेटकीण म्हणजे कुणी राक्षसीण नसून एका जुन्या निसर्गधर्माची उपासक होय. त्या धर्माचे जुनेपण विद्वानांना मान्य नाही. पण उपासक मात्र मिळाले. गार्डनरसाहेबांच्या मंडळींत प्रत्येकाने आपल्या हाताने एक वही लिहायची असे. तिचे नाव 'बुक ऑफ शॅडोज', म्हणजे सावल्यांची वही. गंमत अशी की गार्डनर यांच्या शिष्या डोरीन व्हॅलिएन्टे यांच्या मते हे नाव त्यांनी उचलले ते 1949 सालच्या एका इंग्रजी नियतकालिकातून, आणि तिथे ते आले होते माणसाची सावली मोजून भविष्य सांगणाऱ्या हिंदुस्थानी विद्येवरच्या लेखात! म्हणजे आमचीच सावली विलायतेला जाऊन आली म्हणायची.

भाचीचा बेत मात्र साधा होता. तारीख, चंद्राची कला, मनात काय इच्छा धरली, काय केले आणि पुढे काय झाले, एवढे पाच रकाने. करायचे ते काय? मेणबत्ती लावायची, उंबऱ्यावर मीठ टाकायचे, कसलासा सुवासिक पाला जाळायचा.

इथवर आल्यावर माझे हसू थांबले. उंबऱ्यावरचे मीठ आणि जाळलेला पाला यांत मला हसण्यासारखे काय होते? लक्ष्मीपूजनाला आम्ही नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. त्याच रात्री उशिरा माझी आजी घर झाडून, सूप वाजवीत अक्काबाईला उंबऱ्याबाहेर घालवी. तिकडच्या चित्रांतल्या चेटकिणी केरसुणीवर बसून उडतात. आम्ही तिला पाटावर बसवतो, इतकेच. आणि दृष्ट? मीठमोहऱ्या नि मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या आणि ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती म्हणायचे. ठसका लागला, तर दृष्ट नव्हतीच. दोन्हीकडून आजीचेच खरे!

तरीही एक फरक आहे आणि तो लहान नाही. माझी भाची स्वतःला हौसेने चेटकीण म्हणवते. आपल्याकडे सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर हाच शब्द दुसऱ्या कुणी एखाद्या बाईला चिकटवला, 'डाकीण' म्हटले, की तिला मार खावा लागतो, गाव सोडावे लागते, कधी जीवही जातो. 2013 साली महाराष्ट्राला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला. अमुक माणूस करणी करतो, मंत्राने गाईम्हशींचे दूध आटवतो, असे म्हणून त्याला छळणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला. कायदा झालेला पाहायला ते राहिले नाहीत. जो शब्द एकीला दागिन्यासारखा मिरवता येतो, तो दुसरीच्या गळ्याचा फास होतो. हे मी भाचीला लिहायचे ठरवले. पण लिहायला बसलो आणि मला आजीचे बाड आठवले.

ते बाड अजून माझ्या कपाटात लाल फडक्यात बांधलेले आहे. पहिली पाने पणजोबांच्या मोडीत, पुढची आजीच्या ओबडधोबड बाळबोधीत. कावीळ, आधाशी, गाईला दृष्ट, आणि सगळ्यांत जास्त विंचू. आमच्या कोकणात लाल विंचवाला तोटा नाही. आजीला विंचवाचा मंत्र येत असे. नोंद अशी: तिथी, माणसाचे नाव, कितव्या आवर्तनाला वेदना उतरली आणि शेवटी दोन शब्द: 'गुण आला.' पानामागून पाने 'गुण आला.'

फ्रान्सिस बेकनने 1620 साली एक जुनी गोष्ट सांगितली आहे. नवस करून वादळातून वाचलेल्या खलाशांची चित्रे देवळात टांगलेली होती. ती दाखवून कुणी विचारले, आता तरी देवाचे सामर्थ्य मानतोस ना? त्यावर तो माणूस म्हणाला, पण नवस करूनही जे बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत? आजीचे बाड म्हणजे असेच देऊळ होते. विंचू चावलेल्यांपैकी पुष्कळांची वेदना दिवसभरात आपोआपच उतरते. ती मंत्राच्या जमेला पडे. ज्यांची उतरत नसे, त्यांचे पान बाडात नव्हते.

त्याच कोकणात, त्याच विंचवाची दुसरीही एक वही झाली. महाडकडचे डॉ. हिंमतराव बावस्कर रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, छातीत भरणारे पाणी, सारे टिपून ठेवीत. जे दगावले त्यांच्याही नोंदी त्यांनी ठेवल्या, किंबहुना त्यांच्याच अधिक बारकाईने ठेवल्या असाव्यात. त्यातून त्यांना उमगले की हे विष हृदयावर घाला घालते. 1980 च्या दशकात त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध त्यावर वापरले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. जी वही मेलेल्यांना जागा देते, तीच जिवंतांच्या उपयोगी पडते, असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही.

मग आजी खोटी होती का? हा प्रश्न मी वर्षानुवर्षे टाळत आलो, कारण तो माझ्या धाकट्या भावाशी जाऊन भिडतो. 1951 सालच्या दिवाळीच्या चार दिवस आधी, लाकडांच्या माचीत त्याला विंचू चावला. तो पाच वर्षांचा होता, मी आठ. आजी रात्रभर मंत्र म्हणत होती. पहाटे तो घामाने थबथबला, हातपाय गार पडले आणि उजाडता उजाडता गेला. पुढे मोठेपणी मला आजीचा फार राग आला. वैद्य नाही, डॉक्टर नाही, नुसता मंत्र! तो राग खरा होता, पण न्यायाचा नव्हता. तालुक्याच्या डॉक्टरला डोलीतून आणले असते, तरी त्या वर्षी त्याच्याजवळ तरी काय औषध होते?

यंदा भाचीच्या पत्रानंतर मी बाड पुन्हा सोडले आणि ते पान शोधले. आजीने ते वगळले असणार अशी माझी खात्री होती. पण पान होते. वर लिहिले होते: 'आश्विन वद्य एकादशी.' खाली भावाचे नाव. आणि पुढे काही नाही. 'गुण आला' नाही, 'गुण आला नाही' हेही नाही. त्यानंतर बाडात आजीच्या हातची एकही ओळ नाही.

तेव्हा मला आठवले, त्या दिवाळीनंतर विंचू चावलेले कुणी दाराशी आले की आजी आतूनच सांगे, "मला आता येत नाही. तालुक्याला न्या." आम्हाला वाटे ती म्हातारी झाली, विसरली. ती काही विसरली नव्हती. तिने लेखणी हातात घेतली होती, तिथी लिहिली होती, नाव लिहिले होते, आणि पुढचा शब्द खोटा लिहिणे तिला जमले नाही. साऱ्या बाडात ते एकच पान खऱ्या हिशेबाचे आहे.

शेवटी मी भाचीला वही पाठवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली. "तुझे चेटूक खरे की खोटे, या वादात मी पडत नाही. तीन गोष्टी मात्र पाळ. जे फळले नाही, तेही लिही. कुणाचे वाईट चिंतिलेस तर त्याचे नाव लिही, म्हणजे ते वाचताना तुला लाज वाटेल. आणि ताप आला तर आधी डॉक्टर, मेणबत्ती मागून."

तिचे उत्तर परवा आले. "मामा, पाडव्यापर्यंत थांबवले नाही. पहिलीच ओळ लिहिली: कामावरच्या एका बाईचे वाटोळे व्हावे असे मनात आले. नाव लिहिले आणि मेणबत्ती न लावताच झोपले. हे जमेला धरू की नावे?"

मी अजून उत्तर दिलेले नाही. आज पाडवा आहे. पाटावर माझीही वही आहे, आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच मी तिची पहिली ओळ नावेची लिहिणार आहे. आजीवर जो राग मी इतकी वर्षे उगाच धरला, तो फेडायचा राहिला आहे.