छायाचित्र आणि निवाडा



दारफळणीचा सण जवळ आला आहे. त्यापूर्वी स्वतःची एक चूक आपणांपुढे मांडावयाची आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका वृद्ध नातलगबाईंच्या सोबतीस माणूस हवा होता. एक तरुण येऊन भेटला. बोलणे नम्र, वागणे नीटनेटके. रात्री मी संगणकावर त्याचे नाव शोधले, तो अटकेच्या वेळी पोलिसांनी काढलेले त्याचे छायाचित्र पुढे आले. सकाळी मी नकार कळविला. कारण सांगितले नाही. पुढे न्यायालयाची नोंद पाहिली, तेव्हा कळले की तो आरोप केव्हाच रद्द झाला होता.

अमेरिकेत हे छायाचित्र अटकेनंतर नोंद करताना काढतात. तेव्हा ना साक्षीपुरावा झालेला असतो, ना निवाडा. पुष्कळ राज्यांत ते कोणासही पाहता येते. निकाल मात्र न्यायालयाच्या दप्तरात पडून राहतो.

समोरून व बाजूने छायाचित्र घेण्याची पद्धत पॅरिसचे पोलीस अधिकारी आल्फोन्स बर्टिलॉन यांनी १८८० नंतरच्या दशकात रूढ केली. याच बर्टिलॉन यांनी १८९४ साली कॅप्टन ड्रेफस या आपल्या यहुदी बांधवाविरुद्ध हस्ताक्षराची साक्ष दिली. ती चुकीची होती. ड्रेफस यांच्यावरील डाग १९०६ साली धुतला गेला. तोवर बारा वर्षे गेली!

मग चौकशी करूच नये काय? तसे नव्हे. लेवीय १९:१६ मध्ये तोरा एकाच वचनात दोन आज्ञा देते: चहाड्या करीत फिरू नये, आणि शेजाऱ्याच्या जिवावर बेतले असता स्वस्थ उभे राहू नये. घरातील म्हातारी माणसे जपणे हे कर्तव्यच होय. पण चौकशी निवाड्यापर्यंत न्यावी, छायाचित्रापाशी थांबू नये. केवळ अटकेने अपराध सिद्ध होत नाही, असे समान रोजगार संधी आयोगानेही २०१२ साली मालकवर्गास बजावले आहे. तपासणी कंपनीकडून अहवाल मागवावयाचा, तर १९७० च्या केंद्रीय कायद्यानुसार आज त्या माणसाची लेखी संमती लागते, आणि अहवालावरून नकार देण्यापूर्वी त्याची प्रत त्याला द्यावी लागते. म्हणजे त्याला बोलू द्यावे.

योसेफही खोट्या आरोपावरून तुरुंगात होता. फारोने तेवढेच पाहिले असते, तर मिसर देश उपाशी मेला असता.

माणसाने माणसाचा केलेला अपराध, त्या माणसाची समजूत घातल्यावाचून किपूरच्या उपासाने फिटत नाही, असे आपले ज्ञानी शिकवितात. म्हणून गेल्या आठवड्यात मी त्या तरुणाला फोन करून क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तेव्हा विचारले असते, तर सारे सांगितले असते.”

मी विचारले नव्हते. आपण विचारा.

परमेश्वर आपणां सर्वांची नावे जीवनाच्या पुस्तकात लिहो. आमेन.