मारका बैल आणि राखणीचा कुत्रा

सोलापूरच्या बाजूला शेतात बांधलेल्या घराला वस्ती म्हणतात. गाव मैलभर मागे राहते, शेजारचे घर हाकेच्या अंतरावर असले तरी मध्ये ज्वारीचे रान असते, आणि दिवस मावळला की अंगणापलीकडचे सारे अंधाराच्या मालकीचे होते. अशा ठिकाणी कुत्रा पाळणे ही हौस नव्हे. रात्री कोण आले, कोणत्या बाजूने आले, माणूस आहे की जनावर, हे घरात झोपलेल्यांना कळते ते कुत्र्याच्या आवाजावरून. कोंबड्यांचेही तसेच. दहापंधरा गावरान कोंबड्या म्हणजे बाईच्या हातातला वरखर्चाचा पैसा, आजाऱ्यासाठी रस्सा आणि अवेळी आलेल्या पाहुण्यासाठी जेवण. वस्तीवरच्या घरात ही दोन्ही जनावरे एकाच अंगणात, एकाच भाकरीच्या तुकड्यांवर वाढतात. मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांच्यापासून कोंबड्यांना राखायचे काम कुत्र्याकडे असते.

गेल्या उपवासकाळात आमच्या राखणदारानेच सात तलंगा मारल्या. ज्वारीची काढणी होऊन कडबा रचून झाला होता. सकाळी खुराड्याचे दार अर्धवट उघडे दिसले आणि अंगणात सात पिल्लावळी कोंबड्या मान मोडून पडलेल्या. खाल्लेली एकही नव्हती. सरदार, आमचा कुत्रा, त्यांच्या शेजारी उभा राहून शेपूट हलवत होता. आम्ही घरातली माणसे शुक्रवारी मांस वर्ज्य करून बसलेलो आणि अंगणात हा प्रकार. वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी तेव्हाही हसले. पण ते हसू टिकले नाही. त्या तलंगा वर्षभराच्या मेहनतीच्या होत्या. खुडूक झालेल्या दोन कोंबड्या अंड्यांवर बसविल्या होत्या, एकवीस दिवस त्यांना दाणापाणी जागेवर दिले होते, पिल्ले निघाल्यावर सातव्या दिवशी मानमोडीच्या लसीचे थेंब डोळ्यांत घातले होते. आजीच्या पिढीत मानमोडी आली की अख्खे खुराडे एका आठवड्यात रिकामे होई. त्या रोगातून वाचलेली पाखरे घरच्या कुत्र्याने मारावीत याचा राग फार आला.

शेजारपाजारच्यांनी निकाल ताबडतोब दिला. एकदा रक्ताची चव लागली की कुत्रा सुटत नाही, म्हणून त्याला भाकरीतून काहीतरी घालावे, हा एक सल्ला. दुसरा सल्ला जरा दयाळू वाटणारा: पोत्यात घालून दूर बाजाराच्या गावी सोडून यावे. दुसऱ्या सल्ल्याचा अर्थ आमचे संकट दुसऱ्याच्या अंगणात नेऊन टाकणे, इतकाच होतो. तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या सकाळी आम्हांला पहिला सल्लाही फारसा क्रूर वाटला नाही. आठ वर्षे ज्याने घर राखले त्याने विश्वासघात केला, हीच भावना मनात होती.

'विश्वासघात' या शब्दापाशी मात्र आम्ही अडखळलो. ज्याने विश्वास दिला, तोच घात करू शकतो. कुत्र्याने आम्हांला कोणते वचन दिले होते? संत थॉमस अक्वायनस यांच्या विवेचनाप्रमाणे पापाला बुद्धी आणि इच्छा लागते. पशू उपजत ओढीने वागतो, म्हणून त्याच्या कृत्याला चूक म्हणता येईल, पाप म्हणता येत नाही. तरी माणसाला हे पचत नाही. युरोपात एके काळी जनावरांवर रीतसर खटले चालत. फ्रान्समधील फालेझ येथे १३८६ साली एका डुकरिणीला मनुष्यहत्येबद्दल फाशी दिली गेली. १४७४ साली बाझेल शहरात एका कोंबड्याने अंडे घातले असा आरोप ठेवून त्याला जाळण्यात आले! आज आपण या गोष्टी वाचून हसतो. पण सरदारला 'शिक्षा' देण्याच्या गोष्टी करणारे आम्ही त्या न्यायाधीशांहून किती वेगळे होतो?

शिवाय सरदारचा स्वभाव त्याला कुणी दिला, हाही प्रश्न आहे. तो कारवानी जातीचा आहे. सोलापूर, लातूर, सांगली या पट्ट्यात हे कुत्रे पूर्वीपासून पाळतात: लांब पाय, आत गेलेले पोट, निमुळते तोंड. वासापेक्षा डोळ्यांवर त्यांचा भर असतो. समोरून काही पळाले की त्यामागे सुटायचे, हे त्यांच्या रक्तात आहे. पण ते रक्तात आपोआप आले नाही. सशामागे जो अधिक वेगाने धावेल त्याचीच पैदास माणसाने पिढ्यान्पिढ्या केली. ज्या ओढीसाठी त्याला निवडले, तीच ओढ सशाऐवजी कोंबडीमागे धावली की आम्ही तिला अपराध म्हणतो. पळणारी तलंग आणि पळणारा ससा यांतला फरक कुत्र्याला ठाऊक नाही. तो फरक मालकीचा आहे, आणि मालकी ही कल्पना आपली आहे.

येथे कुणी म्हणेल, मग तुम्ही नाताळला कोंबडी कापता त्याचे काय? हा प्रश्न टाळून पुढे जाणे बरे नव्हे. सरदारने सात मारल्या. आम्ही त्या वर्षी नाताळ, ईस्टर आणि घरातल्या एका बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी मिळून त्याहून अधिक मारल्या असत्या, आणि त्याला सण म्हटले असते. उत्पत्तीच्या ग्रंथात आरंभी माणसाला अन्न म्हणून वनस्पतीच नेमून दिल्या आहेत. मांसाची मुभा जलप्रलयानंतर नोहाला मिळते, तीही रक्ताविषयीच्या निर्बंधासह. म्हणजे ती मुभा जखमी झालेल्या जगातली आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग योग्य मानतो, पण त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला न शोभणारे आहे असे सांगतो. 'विनाकारण' हा शब्द आम्हांला फार अवघड वाटतो. वस्तीवरची कोंबडी उकिरडा उकरते, धुळीत लोळते, वर्षाला पन्नास-साठ अंडी घालते आणि एके दिवशी मरते. पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते. पण वर्तमानपत्राच्या एका पानाहून कमी जागेत, पंख न पसरता, तिचे आयुष्य जाते. तिची स्वस्त अंडी आपण सारेच खातो, आणि रागावतो मात्र सरदारवर, कारण त्याने मारलेली आपल्याला दिसते.

आम्हांला वाट सापडली ती एका अनपेक्षित ठिकाणी, निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात. तेथे मारक्या बैलाचा कायदा आहे. बैलाने शिंग मारून माणसाचा जीव घेतला तर बैल मारावा, पण धनी निर्दोष. मात्र बैल मारका आहे हे पूर्वीपासून माहीत असेल, धन्याला तसे बजावलेले असेल आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर दोष धन्याच्या माथी येतो. दुसऱ्याच्या बैलाला मारले असता हाच विचार: मारकेपणा ठाऊक असूनही बैल मोकळा सोडणाऱ्याने बैलाबद्दल बैल भरून द्यायचा. हा नियम आम्ही अनेकदा वाचला असेल. मिस्सेत तो वाचून दाखवीत नाहीत, म्हणून मनात राहिला नव्हता.

आता प्रश्न साधा झाला. सरदार मारका आहे हे आम्हांला ठाऊक होते काय? होते. महिनाभरापूर्वी त्याने शेजारच्या वस्तीवरचे एक पिल्लू तोंडात धरून आणले होते. शेजारीण तक्रार घेऊन आली, तेव्हा आम्ही, "अहो ताई, पिल्लूच ते, घारीनेही नेलेच असते," असे म्हणून विषय हसण्यावारी नेला. खुराड्याच्या दाराची कडी दिवाळीपासून सैल होती. प्रत्येकाने ती पाहिली होती आणि प्रत्येकाला ती दुसरा कुणीतरी बसवील असे वाटले होते. म्हणजे आमची तक्रार नोंदवायची झाली तर आरोपीच्या जागी आमचेच नाव येत होते. आम्ही त्या संध्याकाळी शेजारणीकडे गेलो आणि एका पिल्लाबद्दल वाचलेल्या तलंगांपैकी एक तिला दिली. तिने ती घेतली, पण महिनाभराने आलात असे म्हणायला ती विसरली नाही.

ही जबाबदारी आपल्या कुंपणाशी संपत नाही. सोलापूरपासून जवळच नान्नज आहे. तेथे माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. पुढे ते पुष्कळ कमी करण्यात आले. माळढोक घरटे बांधीत नाही. मादी उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालते. त्या एका अंड्याच्या वाटेत मोकळे फिरणारे कुत्रे येतात, आणि ते सगळे बेवारस नसतात. पुष्कळ वस्त्यांवरचे, आमच्यासारख्यांचे असतात. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. माळरानावरच्या लांडग्यांनाही कुत्र्यांचे रोग लागतात. जे आमच्या मालकीचे नाही त्याच्या नाशाला आमच्या मालकीचे जनावर कारण होत असेल, तर मारक्या बैलाचा नियम तेथेही लागू होतो असे आम्हांला वाटते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, प्रत्येक जीवाला आपल्या उपयोगापलीकडचे स्वतःचे मोल आहे, असे आग्रहाने मांडले आहे. माळढोकाचा शेतकऱ्याला उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना उत्तर देणे त्यामुळे सोपे होत नाही, पण प्रश्नच चुकीचा आहे हे तरी कळते.

दुसरी बाजूही आहे, आणि ती आमच्या घरातच बोलली जाते. १९७२ च्या दुष्काळात या भागातली माणसे खडी फोडायला जात होती आणि वाटपाची सुकडी खाऊन दिवस काढत होती. तेव्हा आजीने आपल्या भाकरीचा चतकोर रोज कुत्र्याला घातला आणि त्यावरून घरात भांडण झाले. लेकरे अर्धपोटी असताना कुत्र्याला? माणसाच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी खर्च व्हावा तो प्राण्यांवर उधळणे योग्य नव्हे, असे धर्मशिक्षण ग्रंथही त्याच ठिकाणी सांगतो. आजोबांचे म्हणणे या न्यायाने बरोबर ठरते. आजीचे म्हणणे इतकेच होते की चतकोर माझ्या वाट्याचा आहे, लेकरांच्या नव्हे. या भांडणाचा निवाडा आम्हांला आजही करता येत नाही. एवढे खरे की आमच्या जिल्ह्यातल्याच पंढरपुरात नामदेवांची आठवण सांगतात, की भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. आणि आपल्या बायबलातही तोबियाच्या प्रवासात, देवदूताच्या सोबतीने, एक कुत्रा चालतो. त्या कथेत त्याला काही काम दिलेले नाही. तो नुसता बरोबर जातो आणि बरोबर परत येतो.

सरदारला आम्ही ठेवले आहे. खुराड्याला नवी कडी आणि जाळी बसविली. दिवसा कोंबड्या मोकळ्या असतात तेव्हा तो लिंबाखाली लांब साखळीवर असतो. तिन्हीसांजेला कोंबड्या आत गेल्या, डोकी मोजून झाली, की साखळी सुटते. हा न्याय झाला काय, याबद्दल घरात एकमत नाही. ज्याचे पाय धावण्यासाठीच घडले त्याला दिवसभर बांधून ठेवणे ही त्याच्यावर आमच्या जुन्या हलगर्जीपणाची शिक्षाच आहे, असे आमच्यातल्या धाकट्यांना वाटते, आणि त्यांना उत्तर देताना थोरल्यांचा आवाज जरा खाली येतो. म्हणून आता काढणी झालेल्या रानात, माळाच्या उलट दिशेला, कुणीतरी एक जण रोज पहाटे त्याला दोरीने धरून घेऊन जातो. त्याच्याबरोबर धावणे थोरल्यांच्या आवाक्यातले नाही. काल त्या वाटेवर ससा उठला, आणि दोरी धरणारा ढेकळांत पालथा पडला.