पौगंडावस्था आणि नगरांचा सहकार

राष्ट्राराष्ट्रांतील तह आणि युद्धे यांचा इतिहास विपुल लिहिला गेला. नगरांनी एकमेकांशी जोडलेल्या संबंधांकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. वस्तुतः पहिल्या महायुद्धाच्या ऐन उंबरठ्यावर, १९१३ साली, बेल्जियममधील गेंट येथे निरनिराळ्या देशांतील नगरपालिकांचे प्रतिनिधी एकत्र जमले आणि त्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघाचा पाया घातला. नगररचना आणि नागरी कारभार हे त्या परिषदेचे मुख्य विषय होते. पुढे १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय शाखेने आरोग्यसंपन्न नगरांची चळवळ सुरू केली, १९९० साली बार्सेलोना येथे शिक्षणदायी नगरांची पहिली परिषद भरली आणि १९९६ साली युनिसेफने बालस्नेही नगरांचा उपक्रम हाती घेतला; अशा रीतीने रस्ते आणि इमारती यांच्यापासून निघालेली ही वाटचाल हळूहळू माणसाच्या मनापर्यंत आणि त्याच्या बाल्यापर्यंत येऊन पोहोचली.

या वाटचालीत एक वयोगट मात्र दीर्घकाळ दप्तराबाहेरच राहिला. दहा ते एकोणीस वर्षे या वयाला जागतिक आरोग्य संघटना पौगंडावस्था मानते. तान्ह्या मुलासाठी लसीकरणाची नोंदवही असते, प्रौढासाठी मतदारयादी आणि घरपट्टीचे खाते असते. परंतु मिसरूड फुटू लागलेल्या मुलाची अथवा वयात येणाऱ्या मुलीची दखल शाळेच्या हजेरीपटापलीकडे सहसा घेतली जात नाही, आणि घेतली गेलीच तर ती बहुधा पोलीस ठाण्यात, आगळीक घडून गेल्यानंतर. शाळा सुटल्यापासून निजानीज होईपर्यंतचे जे तास, त्यांत या वयाचे बरेचसे बरेवाईट घडते. त्या तासांत मैदान उघडे असते की त्याला कुलूप असते, वाचनालयात बसायला जागा मिळते की नाही, घरी परतण्याची शेवटची बस केव्हा सुटते, कोपऱ्यावरचा दुकानदार सिगारेट कोणाच्या हाती देतो, हे सारे राजधानीतल्या मंत्रालयापेक्षा नगराच्या कारभारावर अधिक अवलंबून असते. आणि म्हणूनच पौगंडावस्थेच्या स्वास्थ्याचा प्रश्न हा प्रथमतः नगरशासनाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला एका नगराने दिलेले उत्तर इतर नगरांपर्यंत कसे पोहोचले, याचे सर्वांत बोलके उदाहरण आइसलँडच्या राजधानीचे, रेक्याविकचे आहे. १९९० नंतरच्या दशकात त्या शहराच्या मध्यवस्तीत शुक्रवारच्या रात्री मद्यधुंद मुलांचे घोळके हिंडत आणि सभ्य माणसाला तेथून चालणे नकोसे होई. १९९२ साली देशातील सर्व शाळांतल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपुढे एक प्रश्नावली ठेवण्यात आली. मद्य चाखले आहे काय, शेवटचे केव्हा, एवढेच विचारून ती थांबली नाही. आईवडिलांच्या सहवासात किती वेळ जातो, त्यांच्याशी जिव्हाळा वाटतो काय, फावल्या वेळात काय करतोस, हेही तिने विचारले. उत्तरांतून जे निष्पन्न झाले ते उपदेशकांना अनपेक्षित, पण कारभाऱ्यांना उपयोगी होते. आठवड्यातून तीनचार वेळा खेळात किंवा कलावर्गात रमणारी, आईवडिलांबरोबर पुरेसा वेळ घालवणारी, शाळेत आपली कोणाला तरी काळजी आहे असे वाटणारी आणि रात्री उशिरा बाहेर न राहणारी मुले व्यसनापासून मोठ्या प्रमाणात दूर राहत होती. मुलाला व्यसनाचे दुष्परिणाम पढवीत बसण्यापेक्षा त्याच्या भोवतालची संध्याकाळ बदलणे अधिक फलदायी, असा याचा अर्थ होता.

मग ती संध्याकाळ खरोखरच बदलण्यात आली. अठराच्या आतील मुलांना तंबाखू आणि विसाच्या आतील तरुणांना मद्य विकण्यास मनाई झाली. दोहोंच्या जाहिराती बंद झाल्या. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर एकट्याने बाहेर राहू नये असा कायदा झाला. त्या वेळा छापलेले लोहचुंबकी पत्रक घरोघरी गेले आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चिकटले. पालकांनी आपसांत करार केले आणि शुक्रवारी रात्री पाळीपाळीने मोहल्ल्यांतून फेऱ्या घालण्यास आरंभ केला. परंतु केवळ निर्बंधांनी संध्याकाळ भरत नाही. जेथे डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, तेथे २००० सालापासून छपराखालची फुटबॉलची मैदाने उभी राहू लागली. आणि २००७ पासून रेक्याविक नगरपालिकेने सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलामागे खेळ, संगीत अथवा नृत्य यांच्या शुल्कासाठी वार्षिक अनुदान सुरू केले, जेणेकरून गरिबाच्या मुलालाही पोहण्याच्या तलावाची वा व्हायोलिनची वाट बंद राहू नये. १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात मद्यधुंद झाल्याचे सांगत होती; २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर उतरले.

मादक द्रव्यांविरुद्ध एकवटलेल्या युरोपीय नगरांच्या बैठकीत ही आकडेवारी मांडली गेली आणि तिच्यातून २००६ साली ‘यूथ इन युरोप’ हा उपक्रम जन्मास आला. त्याची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. सहभागी नगर आपल्या मुलांपुढे तीच मूळ प्रश्नावली, स्थानिक गरजेपुरती फेरफार करून ठेवते. उत्तरांची छाननी आइसलँडमधील संशोधक करतात. आणि निष्कर्ष सुमारे दोन महिन्यांत ज्याच्या त्याच्या हाती परत जातात. २०१७ पर्यंत १७ देशांतील ३५ नगरपालिका या वर्तुळात आल्या होत्या. लिथुआनियातील कौनस शहरात २००६ ते २०१४ या काळात, मागील महिन्यात मद्यधुंद झाल्याचे सांगणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने आणि रोजच्या धूम्रपानाचे प्रमाण ३० टक्क्यांहून अधिक घटले. या आदानप्रदानात कोणत्याही परराष्ट्रमंत्र्याची स्वाक्षरी लागली नाही. एका नगराच्या शिक्षणाधिकाऱ्याने दुसऱ्या नगराच्या शिक्षणाधिकाऱ्याला आपला हिशोब मोकळेपणाने दाखवला, एवढेच झाले.

या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेप हलके लेखण्याजोगे नाहीत. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. अशा आटोपशीर समाजाचा धडा कोट्यवधींच्या महानगराने कसा गिरवावा, असे विचारले जाते. मुलांनी रात्री कोठे असावे हे सरकारने ठरवणे अनेक समाजांना स्वातंत्र्यावरील आक्रमण वाटेल, आणि जेथे पोलिसांचा धाक काही विशिष्ट वस्त्यांतच अधिक बसतो, तेथे असा कायदा न्यायाऐवजी जाचच निर्माण करील. हे सर्व मान्य केले, तरी त्याने सिद्ध होते ते एवढेच, की एका नगराचा उपाय दुसऱ्या नगराने जसाच्या तसा उचलू नये. दुसऱ्याचे औषध घ्यावयाचे नाही. नाडी पाहण्याची त्याची रीत तेवढी शिकावयाची.

या म्हणण्याचा सर्वांत बळकट पुरावा खुद्द आइसलँडनेच पुरवला आहे. दारू आणि धूम्रपान ओसरत असतानाच, २००६ ते २०१६ या दशकात तेथील किशोरवयीन मुलींमध्ये खिन्नतेची लक्षणे वाढत असल्याचे त्याच नियमित पाहण्यांतून उघडकीस आले. जे उपाय व्यसनावर लागू पडले होते, ते या नव्या व्यथेला पुरेसे ठरले नाहीत. व्यसनावरील यशावर समाधान मानून प्रश्नावली बासनात बांधली असती, तर ही व्यथा त्या मुलींच्या खोल्यांतच बंद राहिली असती. प्रत्येक पिढीबरोबर पौगंडावस्थेचे दुःख रूप पालटते. कालचा उपाय आज अपुरा पडतो. टिकून राहते ती विचारण्याची शिस्त. नगरांनी एकमेकांना देण्याजोगी खरी ठेव तीच होय, आणि तिच्यात आपल्या अपयशाचा तपशीलही यशाइतक्याच तत्परतेने कळविण्याचा प्रामाणिकपणा अंतर्भूत आहे. परिषदांत केवळ यशोगाथा वाचणारी नगरे एकमेकांची करमणूक करतात. सहकार्य करीत नाहीत.

बालकांच्या हक्कांविषयीच्या १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याचे बारावे कलम असे सांगते, की आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलांना हक्क आहे आणि त्या मताला त्यांच्या वयानुसार व परिपक्वतेनुसार वजन दिले पाहिजे. वजन देणे याचा नगराच्या भाषेतला अर्थ अंदाजपत्रकात तरतूद करणे असा आहे. म्हणून जे नगर या आंतरराष्ट्रीय मंडळात येऊ इच्छिते, त्याच्याकडून इतरांनी एकाच हमीची मागणी करावी: मुलांची उत्तरे हाती येताच ती सभागृहापुढे ठेवली जातील, आणि त्यांनी दाखवलेल्या उणिवेसाठी पुढील वर्षाच्या जमाखर्चात रक्कम राखून ठेवली जाईल. ही हमी देता येत नसेल तर प्रश्नावली वाटूच नये. कारण विचारून गप्प बसणारे नगर आपल्या मुलांना असे शिकवते, की बोलून काही उपयोग नसतो, आणि हा धडा घेऊन मोठे झालेले नागरिक पुढे मतदानालाही फिरकत नाहीत. ज्यांना मत नाही आणि जे कर भरत नाहीत, त्यांनाही आपण जाब देणे लागतो, ही गोष्ट नगरांनी एकमेकांच्या साक्षीने कबूल करणे, यातच या सहकाराचे खरे सामर्थ्य आहे.