शिकण्याची वेळ कुणाची?

रोज काहीतरी नवं शिकावं, रोज थोडं लिहावं, गावं, चित्र काढावं, असा सल्ला हल्ली सगळीकडून मिळतो. पहाटे उठा, अर्धा तास बाजूला काढा, हळूहळू सवय लागेल. सल्ला खोटा नाही. पण तो देणारा एक गोष्ट गृहीत धरतो, ऐकणाऱ्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या हातात आहे. ज्यांचा नाही त्यांनी काय करायचं? या प्रश्नाशी थांबलं की मला 1910 साली प्रसिद्ध झालेलं रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ पुन्हा उघडावंसं वाटतं.

1873 साली लग्न होऊन रमाबाई पुण्यात रानड्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसानं वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून इतक्या लहान मुलीशी दुसरं लग्न केलं, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. ती योग्यच होती, आणि ती वगळून पुढची गोष्ट सांगू नये. पण पुढची गोष्टही खरी आहे. आल्या आल्याच त्यांनी पत्नीला मुळाक्षरं शिकवायला घेतली. धडे रात्रीचे, कारण दिवस घराचा होता. स्वयंपाक, सोवळंओवळं, वडीलधाऱ्या बायकांची मर्जी यांतून उरेल ती वेळ शिकण्याची. पुढे इंग्रजीची पाळी आली तेव्हा घरातल्या बायकांचा विरोध आणखी तिखट झाला. टोमणे, अबोला, सगळं झालं. रमाबाईंनी ते उलट उत्तर न देता सोसलं आणि अभ्यास सोडला नाही.

त्यांच्या चिकाटीचं कौतुक सगळेच करतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्या चिकाटीला मिळालेली सोबत. रोजचा धडा टिकला, कारण घरातलं एक माणूस रोज त्या वेळी पाटीपाशी बसत होतं. सवय एकट्या मनाच्या निग्रहावर उभी राहते असं आपण मानतो, आणि ती मोडली की स्वतःलाच दोष देतो. पण कितीतरी जणींची सवय मोडते ती नेमक्या त्या वेळी कुणीतरी चहा मागतं म्हणून.

याच पुस्तकात एक प्रसंग कलकत्त्याचा आहे. 1886 साली सरकारनं नेमलेल्या अर्थविषयक समितीच्या कामासाठी रानडे तिकडे होते, रमाबाई सोबत होत्या. तिथं असेपर्यंत बंगाली शिकून घ्यावं म्हणून रानड्यांनी पुस्तकं आणली आणि स्वतःच अभ्यासाला बसले. अडलेला शब्द, नीट न जमणारा उच्चार ते विचारत दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला. रमाबाईंना ते चमत्कारिक वाटलं. रानड्यांनी त्यांना दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली, आणि मग तीच भाषा त्यांनाही शिकवली.

भागवताच्या अकराव्या स्कंधातली आणि एकनाथी भागवतामुळे मराठी घरांत पोचलेली ही गुरूंची यादी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. तिच्यात पृथ्वी, पाणी, समुद्र आहेत, तसे अजगर, टिटवीसारखे जीव आहेत, पिंगला नावाची वेश्या आहे, कामात इतका गढलेला बाण करणारा आहे की राजाची स्वारी शेजारून गेलेली त्याला कळत नाही. भात कांडताना बांगड्यांचा आवाज होऊ नये म्हणून एकेक उतरवून हातात एकच ठेवणारी मुलगीही आहे. कुणीही पंडित नाही. रोज शिकायचं तर शिकवणाराही रोज भेटला पाहिजे, आणि तो भेटतो कुठे? भाजीवालीपाशी, प्लंबरपाशी, आपल्याच घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलापाशी. अडसर वेळेचा असतोच, पण वय, हुद्दा आणि पदवी यांचा त्याहून मोठा असतो. चाळिशी ओलांडलेल्या, देशाच्या हिशेबाच्या समितीवर बसलेल्या माणसानं साबण लावलेल्या चेहऱ्यानं उच्चार विचारावा, यात मला सगळ्या अभ्यासाची खरी सुरुवात दिसते.

आणि निर्मितीचं काय? शिकणं आणि घडवणं या दोन वेगळ्या सवयी आहेत असं मला वाटत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पाली, जर्मन, फ्रेंच यांचा अभ्यास केला आणि त्याच तुरुंगात काही महिन्यांत शिसपेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. त्यांचं उदाहरण थोर आहे, पण तिथं संसाराचा गलका नव्हता. रमाबाईंचं पुस्तक संसाराच्या गलक्यातूनच आलं आहे. कोण कुठं बसलं होतं, कोण कसं बोललं, आपल्याला तेव्हा काय वाटलं, हे त्यांनी इतकं बारकाईनं टिपलं की मराठी आत्मचरित्रांत त्या पुस्तकाला आजही तोड सापडणं कठीण. अनेक वर्षं दुसऱ्यांचं ऐकत, वाचत, मनात साठवत राहिलेल्या बाईलाच असं लिहिता येतं.

आता मोबाइलवरचं भाषा शिकवणारं अॅप सलग किती दिवस झाले ते मोजतं, आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो. त्यापायी भाषेपेक्षा आकडाच जपणारी माणसं मी पाहते, आणि आकडा तुटल्यावर भाषा सोडून देणारीही. रमाबाईंच्या शिकण्यात बदल्या आल्या, आजारपणं आली, घरातले तंटे आले. खंड पडला की धडा जिथं थांबला तिथून पुढे सुरू झाला.

1901 साली रानडे गेले. 1909 साली पुण्याची सेवासदन संस्था उभी राहिली ती रमाबाईंच्या नेतृत्वाखाली, आणि शाळेचं वय उलटलेल्या, लग्न झालेल्या, विधवा झालेल्या बायकांसाठी तिथं वर्ग चालले. एखाद्या बाईचा शिकण्याचा तास घरच्यांकडून कसा मागून घ्यावा लागतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.