मोशेचे जड झालेले हात
(निर्गम १७:८–१३)

रफीदीम येथील लढाईची हकीकत आपणांस ठाऊक आहेच. खाली यहोशवा अमालेकाशी लढत होता व वर टेकडीवर मोशे हात उंच करून उभा होता. हात वर असत तोवर इस्राएलाची सरशी होई. ते खाली येत तेव्हा अमालेकाची. मोशेचा विश्वास ढळला नव्हता, केवळ त्याचे हात जड झाले होते. अहरोन व हूर यांनी त्या वेळी त्यास उपदेश केला नाही. त्यांनी आधी एक धोंडा आणून त्यास बसावयास दिला, आणि मग दोघांनी दोहों बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेविले.

आपल्या मंडळ्यांतही असे जड हात आहेत. स्वमग्न मुलांच्या आईबापांविषयी आम्ही लिहीत आहो. असे मूल हाकेस ओ देत नाही. कित्येकांस वाचा उशिरा फुटते, कित्येकांस मुळीच फुटत नाही. ताट बदलले, वाट बदलली, तरी त्यास आकांत होतो. लोक त्यास हट्टी किंवा वेडे म्हणतात, आणि आईस तर काय काय म्हणतात! ग्रहण पाळले नाही, करणी झाली, पूर्वजांचे पाप भोवले. विद्वानही यात मागे नव्हते. अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन छापिले. पुढे कित्येक वर्षे मोठमोठे पंडित आईच्या मायेत उणेपणा आहे असेच सांगत राहिले. बर्नार्ड रिमलँड या गृहस्थांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, १९६४ साली ग्रंथ लिहून त्या मताचे खंडन केले. मेंदूची घडणच मुळात निराळी असते, त्यात आईचा दोष नाही, हे आज सर्व जाणते वैद्य मानतात.

जन्मांधास पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे, असे विचारिले, तेव्हा प्रभूने दोघांसही त्या दोषातून मोकळे केले. असे असता आपल्यातील काही प्रार्थना करणारे भूत काढावयास अशा घरी जातात, आणि मूल बोलले नाही म्हणजे आईचा विश्वास थोडा असे ठरवून परततात. हे अहरोनाचे काम नव्हे.

आम्हांसही येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एका खेड्यातील उपासनेत कर्ण्याचा आवाज होताच एक सात वर्षांचा मुलगा कान झाकून किंचाळू लागला. कोणी मागून म्हणाले, “बाई, त्याला घरीच ठेवीत जा.” आई त्यास घेऊन बाहेर लिंबाखाली जाऊन बसली. आम्ही व्यासपीठावर होतो, आणि आम्ही उपदेश चालूच ठेविला. पुढे सहा महिने ती बाई प्रभुभोजनास आली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा ती रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, “पाळकसाहेब, रात्री तो निजत नाही, म्हणून मीही निजत नाही. पण त्याचे काही नाही. आम्ही दोघे गेल्यावर याला कोण जेवू घालील?”

या प्रश्नापुढे आमच्या तोंडून शब्द निघेना.

त्या मंडळीने मग काय केले ते सांगतो. कर्णा बंद केला. लहानशा देवळात त्याची गरज तरी काय होती? दाराजवळची जागा त्या घरास राखून ठेविली, म्हणजे मुलास हिंडावेसे वाटले तर हिंडता यावे. दोघी बहिणी मुलाशी हळूहळू ओळख करून घेऊ लागल्या. आता आठवड्यातून दोन दुपारी त्या त्याच्यापाशी बसतात व आई निजते. एका शाळामास्तरांनी बापाबरोबर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जाऊन दिव्यांगाचे प्रमाणपत्र मिळविले. २०१६ च्या कायद्याने जी २१ प्रकारची दिव्यांगत्वे मानली आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापिलेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत अशांच्या उपचारासाठी वर्षास १ लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. मूल १८ वर्षांचे झाल्यावर त्याचा कायदेशीर पालक नेमण्यास याच कायद्याखालील जिल्हा समितीकडे अर्ज करिता येतो. निरक्षर बापास हे कोणी सांगावे? अर्ज भरून देणे हेही हात धरणेच होय.

गेल्या नाताळात तो मुलगा दारापाशी उभा होता. गीत सुरू झाले तेव्हा त्याने कान झाकले, पण तो बाहेर गेला नाही. आईच्या शेजारी त्या दोघी बहिणींपैकी एक बसली होती.