कुणाचं काय चुकलं

पोलादपूर स्टँडवरून महाबळेश्वरकडे जाणारी सकाळची एसटी सुटली तेव्हा नोव्हेंबरचं धुकं अजून रस्त्यावरच होतं. शेजारी आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एक मावशी येऊन बसल्या. "सलाम, गुरुजी," म्हणाल्या आणि मांडीवरची पिशवी पोटाशी ओढून घेतली. पिशवीत सुकट होती. तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून वर जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला, तरी वास मागच्या बाकापर्यंत पोचलाच. कंडक्टरनं एकदा पिशवीकडे पाहिलं, तिकीट दिलं आणि पुढं गेला. कोकणातला माणूस, त्याला काय सांगायचं!

मावशी साताऱ्याला मुलाकडे निघाल्या होत्या. त्यांची ओळख पटेल असं मी काही लिहीत नाही, दोन-तीन गोष्टी मुद्दाम बदलल्यात. आंबेनळी घाटाची पहिली वळणं लागली तशा त्या खिडकीकडे तोंड करून बोलायला लागल्या. मुलगा मे महिन्यात सुट्टीला आला होता. लग्नाचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, आई, मुली बघायचं थांबव, मला मुलगी नको, कुठलीच नको. त्यांना समजायला दोन दिवस लागले. "आता सांगा गुरुजी, माझं काय चुकलं? कुठल्या पापाची फेड ही?"

मी तीस वर्षं शब्बाथशाळेत शिकवतोय. उत्तर जिभेवर असायला हवं होतं, पण ते नव्हतं. आठवला तो दुसऱ्यांनी विचारलेला हाच प्रश्न. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू दोन्ही उत्तरं नाकारतो. त्या अंधत्वाशी मावशींच्या मुलाची तुलना मला करायची नाही. तो धडधाकट आहे, चार पैसे मिळवतोय. सारखा आहे तो फक्त प्रश्न. समोर माणूस उभा आहे आणि त्याच्याशी न बोलता बाकीचे त्याच्या पापाचा हिशेब मांडताहेत.

दाभिळ टोकाजवळ गाडी हळू झाली. इथं बहुतेक प्रवासी गप्प होतात. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीला निघाले होते. त्यांची बस याच घाटात दरीत गेली. 34 जणांतले 33 गेले. दरीतून माणसं वर काढणं संपतं न संपतं तोच कुणाचं चुकलं याची चर्चा सुरू झाली आणि जो एक वाचला त्याच्याकडेही बोटं वळली. महाडमध्ये 24 ऑगस्ट 2020 ला पाच मजली इमारत बसली, 16 माणसं गेली, तेव्हाही तेच. अशा वेळी चौकशी व्हायलाच हवी, बांधणाऱ्याला जाब विचारायलाच हवा. पण चौकशीच्या आडोशानं एक दुसरी कुजबुज चालू असते, की त्यांचं काहीतरी असेलच. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं दगावली, तेव्हाही ही कुजबुज असणार. लूकच्या तेराव्या अध्यायात येशू विचारतो, ते अठरा काय गावातल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पापी होते? तोच नाही म्हणतो आणि विचारणाऱ्यांकडे वळून सांगतो, पश्चात्ताप तुम्ही करा.

मावशींच्या मुलासारख्यांकडे तर कायदाही बोट दाखवत होता. आंबेनळीच्या त्या अपघातानंतर बरोबर चाळिसाव्या दिवशी, 6 सप्टेंबर 2018 ला, सर्वोच्च न्यायालयानं 377 कलमातून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले. हे कलम होतं 1860 सालच्या दंडसंहितेतलं, म्हणजे इंग्रजांनी आणलेलं. ते टिकावं म्हणून न्यायालयात गेलेल्यांत ख्रिस्ती संघटनाही होत्या, अपोस्टॉलिक अलायन्स ऑफ चर्चेस आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल. मात्र मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी 2013 मध्येच म्हटलं होतं की समलिंगी विवाह चर्चला मान्य नाहीत, पण या माणसांना आम्ही कधी गुन्हेगार मानलेलं नाही. 2023 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस हेच बोलले, पाप आणि गुन्हा यांत गल्लत करू नका. आणि पुढं एक जोड दिली, की एकमेकांविषयी दया नसणं हेही पापच. नागपूरला कचेरी असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया तर मंडळ्यांनी हा विषय उघडपणे बोलावा म्हणून कधीपासून सांगतेय. आमच्याकडे तो अजून एसटीच्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून बोलला जातो.

मावशींना मी खोटा दिलासा दिला नाही. शास्त्रात या विषयाची वचनं आहेत. उत्पत्ती 19, लेवीय 18 आणि 20, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा, तीमथ्याला पहिल्या पत्राचा पहिला. बहुतेक मंडळ्या ती वाचून म्हणतात की विवाह स्त्री-पुरुषाचाच, बाकी संबंध पाप. असं मानणारे सगळे दुष्ट नसतात, त्यांच्यात माझे गुरू होते. काही अभ्यासक म्हणतात की ही पत्रं लिहिणाऱ्या पौलासमोर होता तो गुलामांचा आणि पोरांचा उपभोग, दोघांनी एकमेकांना दिलेली साथ नव्हे. इंग्रजी बायबलात 'होमोसेक्शुअल' हा शब्दच 1946 साली आला. या वादाचा निकाल लावण्याइतकं ग्रीक मला येत नाही.

पण वाचायला येतं. ज्या महाडात 25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृती जाळली गेली तिथला मी, पोथी वाचताना चटका कुणाला बसतो ते आधी बघायची सवय आहे. उत्पत्ती 19 मधल्या सदोम नगराचं पाप काय, तर यहेज्केल 16 मध्ये स्वच्छ लिहिलंय. गर्व होता, पोटभर अन्न होतं, निवांतपणा होता आणि गोरगरिबाला हात दिला नाही. करिंथकरांच्या त्या पत्रातल्या पापांच्या यादीत चोर, लोभी, दारुडे आणि निंदा करणारे एकाच रांगेत बसलेत. यातल्या लोभ्याला आम्ही पंच कमिटीवर निवडून देतो, निंदकाला प्रार्थना चालवायला सांगतो. आणि रोमकरांच्या पहिल्या अध्यायावर आम्ही वाचन थांबवतो. अध्यायांचे आकडे पडले तेराव्या शतकात. रोममध्ये हे पत्र मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा मध्ये थांबा नव्हता. दुसऱ्यांची पापं ऐकून माना डोलावणाऱ्यांना लगेच पुढचं वाक्य ऐकावं लागलं, की दोष लावणाऱ्या माणसा, तुलाही सबब नाही.

पाप या शब्दाशीच माझं जरा अडतं. मराठीत तो कानावर पडला की मागून फेड येते, मागचा जन्म येतो, वांझेचे आणि विधवेचे जुने टोमणे येतात. ग्रीक शास्त्रात शब्द आहे हमार्तिया, नेम चुकणं. हिब्रूतलाही तसाच. शास्ते पुस्तकात बन्यामिनाचे सातशे डावखुरे गोफणवाले आहेत. केसावर धोंडा मारला तरी त्यांचा नेम चुकत नसे. तिथं 'चुकणं' म्हणून जे क्रियापद आहे तेच इतरत्र 'पाप करणं' म्हणून येतं. आपल्याकडे नेम म्हणजे निशाणही आणि व्रतही. एकादशीचा नेम चुकतो तसा गोफणीचाही चुकतो. राखणीला माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलणाऱ्याला ठाऊक असतं की चुकलेला धोंडा हवेत विरत नाही, कुणाच्या तरी डोक्यात बसतो. वचनं आम्ही अशीच भिरकावतो. मुलं घर सोडतात, प्रार्थनेला यायची बंद होतात, काही त्याहून वाईट करून घेतात.

यातलं निम्मंही मी मावशींना बोललो नाही. गोफणीचं सांगितलं, आणि योहानाचा नववा अध्याय सांगितला. तो त्यांना पाठ होता. पण आईबापाचं नाव त्या प्रश्नात आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. "म्हणजे आईला पण ओढलं होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, बापालाही. "आणि तो नाही म्हणाला?" "नाही म्हणाला." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पण लेवीयात लिहिलंय ते लिहिलंय ना? मी म्हटलं, लिहिलंय. खोटं कशाला बोलू.

वाडा कुंभरोशीला गाडी थांबली. ऊन वर आलं होतं, प्रतापगडाच्या फाट्यावर चहाची टपरी उघडत होती. मावशींनी पिशवीची गाठ चाचपली, मग सोडून पुन्हा बांधली. सुकटीचा वास पुन्हा एकदा गाडीभर झाला.

"त्याच्यासंगट एक मित्र राहतो," त्या म्हणाल्या. "किलोभरच घेतलीय मी. दोघांना पुरेल ना हो?"