दूध थांबस का?

माझ्या फोनमध्ये क्युबातला एक रस्ता सेव्ह करून ठेवलेला आहे. विन्यालेस नावाच्या खोऱ्यातला. दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं, लाल माती, मधूनच उठलेले चुनखडीचे गोलमटोल डोंगर, आणि त्यातून सायकलवर निवांत चाललेली एक बाई. छोटीशी रील आहे. पुण्यात ऑफिसची बस सिग्नलला अडकली की मी ती बघतो. तंबाखूच्या जागी कपाशी लावली आणि माती काळी केली तर हा रस्ता आमच्या धरणगावकडचा वाटेल, असं मी एकदा मित्राला म्हणालो. तो हसला. म्हणाला, धरणगावला कोण जाईल सायकल चालवायला? मी म्हटलं, मी जाईन.

आणि गेल्या फेब्रुवारीत गेलोही. खासगी बसच्या डिकीत सायकल आडवी घातली, वर गोधडी बांधली, आणि पहाटे घरी उतरलो. आमचं गाव धरणगावपासून नऊ किलोमीटरवर आहे. दारात आप्पा उभे होते. त्यांनी आधी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुन्ही नोकरी गई का रे?”

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी सायकल उचलून आतल्या खोलीत नेली आणि दार लोटलं. शेजारच्या काकूंना काही दिसलं नसावं, याची खात्री करून मगच चहा मागितला.

आप्पांनी 19 वर्षं सायकलवर दूध वाहिलं. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरची एकेक कॅन, झाकणाखाली ओलं फडकं, आणि सकाळ-संध्याकाळ धरणगावची एकेक फेरी. स्टेशनकडचे चहावाले, बाजारपेठेतलं एक मिठाईचं दुकान, काही घरं. 2003 साली त्यांनी लूना घेतली. मायनं गाडीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि सायकल गोठ्यामागे गेली ती गेलीच. आमच्या घरातल्या प्रगतीला तारीख आहे, ती ही. पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, मी इंजिनियरिंगला लागलो, ते सगळं त्यानंतरचं. त्या घरात मी 62 हजारांची सायकल घेऊन शिरलो होतो.

दुसऱ्या दिवशी एरंडोलवरून पद्मालयाला गेलो. रस्ता तसा साधाच, पण फेब्रुवारीत सकाळी गारवा असतो, हरभऱ्याचा वास येतो, आणि तळ्याकाठी पोचलं की घाम वाळायला लागतो. वाटेत तिघांनी गाडी हळू करून विचारलं, “कथा चालना भो? गाडी बिघडनी का?” तिसऱ्याला मी सांगितलं की मी मुद्दाम सायकलवर आलोय. तो थोडा वेळ माझ्या बाजूनं गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, “नवस शे का?”

नवस म्हटलं की आमच्याकडे सगळं सुरळीत होतं. चैत्रात खानदेशातून हजारो माणसं सप्तशृंगगडाला पायी जातात, भर उन्हात, धुळं-मालेगाव करत, आणि त्यांना कुणी विचारत नाही की एसटी असताना चालता कशाला. दिवाळीच्या सुमाराला सातपुड्यात अस्तंभ्याची यात्रा असते. डोंगर 1325 मीटर उंचीचा, चढ खडा, आणि वर अश्वत्थाम्याचं ठाणं. भळभळत्या जखमेवर घालायला तेल मागत तो या डोंगरातून फिरतो अशी समजूत आहे. मला ही यात्रा कायम अजब वाटत आलीय. ज्याला चालत राहण्याची शिक्षा झाली, त्याला भेटायला लोक आपखुशीनं चालत जातात.

चालण्यामागे देव असला, शिक्षा असली, पोट असलं तर गावाला कळतं. नुसता आनंद असला तर गाव गोंधळतं. पद्मालयाच्या पायऱ्यांवर बसून मी हे सगळं मोठ्या कौतुकानं मनात जुळवत होतो. बिचारं माझं गाव, त्याला अजून आनंदासाठी सायकल चालवणं कळत नाही, असा एकूण सूर होता. हा सूर किती फसवा होता ते संध्याकाळी समजलं.

घरी आल्यावर मी गोठ्यामागून जुनी सायकल ओढून काढली. सीट उंदरांनी खाल्लेली, चाकात रिम तेवढी शिल्लक. आप्पांना शेजारी उभं केलं आणि फोटो काढला. उन्हं तिरपी होती, फोटो झक्कास आला. खाली लिहिलं: माझे पहिले सायकलिंग कोच. 19 वर्षं, रोज 36 किलोमीटर. गिअर नाही, हेल्मेट नाही, सबब नाही. एकूण अडीच लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला सहा फेऱ्या. रात्रीपर्यंत लाइक्सचा पाऊस पडला. ‘खरा फिटनेस हाच’, ‘आपली पिढी लाडावली’, ‘काकांना सॅल्यूट’. चुलतभावानं ते सगळं आप्पांना वाचून दाखवलं.

जेवणं झाल्यावर आप्पा म्हणाले, “मन्हा फोटो काढी टाक.”

मी वाद घातला. लोक तुमचं कौतुक करतायत, यात वाईट काय? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एका मे महिन्याची गोष्ट सांगितली, जी मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. धरणगाव तीनेक किलोमीटर राहिलं असताना मागचं टायर फुटलं. दोन्ही कॅन भरलेल्या. ढकलत निघाले, पण वाळलेल्या डांबरी रस्त्यावर रिम घासत चाळीस लिटर किती ढकलणार? बाजारपेठेत पोचेपर्यंत दूध नासलं होतं. दुकानदारानं झाकण उघडून नाक मुरडलं. आप्पांनी दोन्ही कॅन परतीच्या वाटेवर नाल्यात ओतल्या. त्या महिन्याची पेंड उधारीवर आली.

मी म्हटलं, अहो, पण तुम्ही निंबाखाली थोडं थांबून, कुणाला तरी हात करून...

“दूध थांबस का रे?”

मी फोटो काढून टाकला. पण तो प्रश्न काही जाईना, म्हणून पुण्याला परतल्यावर मी त्या क्युबाच्या रीलच्या मागे लागलो. मला जाणून घ्यायचं होतं की त्या रस्त्यावर सायकली आल्या कुठून.

त्या भुकेतून आल्या. 1991 साली सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबाला मिळणारं स्वस्त तेल आटलं. बसगाड्या उभ्या राहिल्या, ट्रॅक्टर उभे राहिले, शेतात पुन्हा बैल आले. सरकारनं चीनकडून दहा लाखांहून अधिक सायकली आणवल्या आणि कामगारांना, विद्यार्थ्यांना वाटल्या. हवानाच्या बंदराखालून जाणाऱ्या बोगद्यात सायकल चालवता येत नव्हती, म्हणून सीटं काढलेल्या खास बस सोडल्या, ज्यांत माणसं आपापली सायकल धरून उभ्यानं बोगदा ओलांडायची. या काळाला तिथल्या सरकारनं नाव दिलं ‘विशेष कालखंड’. सरकारी भाषा सगळीकडे सारखीच असते.

पुढे डॉक्टर मंडळींनी या कालखंडाचा अभ्यास केला. पोटात कमी आणि पायांना काम जास्त, त्यामुळे लोकांची वजनं सरासरी पाच किलोंच्या आसपास उतरली होती, आणि नंतरच्या काही वर्षांत मधुमेह आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी झाले होते. बातमी जगभर गेली. किती छान, नाही? सायकल चालवा, निरोगी राहा. त्याच कालखंडात, 1991 ते 1993 दरम्यान, तिथल्या 50,000हून अधिक लोकांच्या डोळ्यांच्या किंवा हातापायांच्या नसा दुबळ्या झाल्या. कित्येकांना दिसेनासं झालं. कारणांत मुख्य होती अपुऱ्या अन्नातून आलेली जीवनसत्त्वांची कमतरता. पहिली बातमी मला रीलवरून तीन क्लिकमध्ये सापडली. दुसरीसाठी बरंच खाली जावं लागलं.

तेल मिळायला लागल्यावर क्युबातल्या पुष्कळ लोकांनी सायकली सोडल्या. तोवर पर्यटक आले होते, आपल्या गिअरच्या सायकली घेऊन, विन्यालेसला. तिथल्या डोंगरांचंही तसंच. स्पॅनिश मळ्यांतून पळालेले गुलाम रानाचा आसरा घेत. 1956नंतर कास्त्रोचे बंडखोर सिएरा माएस्त्राच्या जंगलात लपून राहिले. आज त्या पायवाटांवर गाइड घेऊन ट्रेकिंग होतं. आम्हाला हे परकं वाटायला नको. ज्या धरणगावात माझे आप्पा दूध घालत, तिथंच 1825 साली जेम्स आउट्रमनं भिल्ल पलटण उभी केली. बंड करून सातपुडा-सातमाळ्याच्या कपारी धरलेल्या भिल्लांना त्यांच्याच भाऊबंदांकरवी खाली आणण्यासाठी. आपण वीकएंडला ज्या वाटेनं चढतो, तीही कुणीतरी जीव घेऊन पळताना पाडलेली असते.

मग काय, चढू नये? सायकल विकून टाकावी? मी काही दिवस खरंच या विचारात होतो, आणि मला वाटतं तो विचारही एक प्रकारचा चोचलाच होता. मी सायकल विकल्यानं कुणाच्या कॅनमधलं दूध नासायचं राहणार नव्हतं.

मला टोचत होतं ते वेगळं. मे 2020 आठवतो? एक पंधरा वर्षांची मुलगी जखमी बापाला कॅरियरवर बसवून गुरुग्रामहून दरभंग्याला निघाली होती, सुमारे बाराशे किलोमीटर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कन्येनं तिच्या चिकाटीचं कौतुक केलं, आणि सायकलिंग फेडरेशननं तिला चाचणीला बोलावलं. तेव्हा मी ते फॉरवर्ड केलं होतं, दोन टाळ्या टाकून. त्याच महिन्यात, 8 मेच्या पहाटे, जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले 16 मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. दमून रुळांवरच झोपले होते. निघाले होते आमच्या जिल्ह्यात, भुसावळला. तिथून मध्य प्रदेशाकडे गाडी मिळेल असं त्यांना कळलं होतं. जालना ते भुसावळ सुमारे दीडशे किलोमीटर. हे अंतर चालणाऱ्या माणसाला आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये मेडल मिळतं.

ती मुलगी आणि ते मजूर एकाच परिस्थितीतून चालले होते. पोचली तिला आपण खेळाडू ठरवलं. जे पोचले नाहीत त्यांच्यासाठी दोन मिनिटं हळहळलो. आप्पांच्या फोटोखाली मी जे लिहिलं ते याच जातीचं होतं. ‘सबब नाही’ म्हणे! सबब सांगायची सोय नव्हती, त्याला मी गुण करून टाकलं. पद्मालयाच्या चढावर माझा दम गेला तेव्हा मी उतरलो, पाणी प्यायलो, एक फोटो काढला. कंटाळा आला असता तर जीपमध्ये सायकल टाकून परत आलो असतो. माझ्या घामाला गोडी होती कारण तो कुठल्याही क्षणी थांबवता येत होता. आप्पांची सायकल वजनानं माझ्यापेक्षा दुप्पट जड असेल, पण तो फरक किरकोळ आहे. त्यांना मध्येच उतरता येत नव्हतं.

इथवर लिहून मी हा लेख संपवणार होतो. माझा आनंद हौशीचा, त्यांचे कष्ट नाइलाजाचे, अशी सरळ फाळणी करून. पण मे महिन्यात पुन्हा गावी गेलो आणि ती फाळणी टिकली नाही.

रात्री अंगणात खाटा टाकल्या होत्या. वारा पडलेला. मी आप्पांना सहज विचारलं, त्या 19 वर्षांत एकदाही बरं वाटलं नाही का सायकलवर? मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, येताना वाटायचं. जाताना भरलेल्या कॅन, डोकं सगळं घड्याळात. येताना रिकाम्या. धरणगाव सोडल्यावर एक लांब उतार आहे, तिथं ते दोन्ही हात सोडून द्यायचे. पन्नाशीच्या जवळ येईपर्यंत! खड्ड्यात चाक गेलं की रिकाम्या कॅन देवळातल्या घंटेसारख्या वाजायच्या आणि शेतातल्या बायका ओरडायच्या, दूधवाल्या, पडशील. माय खाटेवरून म्हणाली, त्या बायकांत मी पण होते, लग्न झाल्यावर सुद्धा हे असंच करायचे.

कष्टकऱ्याच्या आयुष्यात नुसते कष्टच असणार, हे मी पुण्यात बसून ठरवून टाकलं होतं. हासुद्धा त्यांच्यावर एक अन्यायच. रानात रमणं ही शहरातून आलेली फॅशन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आठवावं, बालकवी जन्मले ते याच धरणगावात, 1890 साली. कापूस वेचायला निघालेल्या बायका पहाटे रस्त्यानं ज्या खिदळत जातात, ते काही मजुरी पुरेशी आहे म्हणून नव्हे. आनंद त्यांनाही आहे, फक्त त्याला वेळ ठरलेली आहे. भरल्या कॅनच्या वाटेवर नाही, रिकाम्या कॅनच्या वाटेवर.

मी विचारलं, हे फोटोखाली लिहिलं असतं तर चाललं असतं का? आप्पा म्हणाले, “ते लोकेस्ले कसाले सांगतस?” आणि कूस बदलली. म्हणजे इथं लिहितोय तेही त्यांना चालणार नाही. त्यांना हे वाचून दाखवणार आहे, चुलतभावाच्या आधी, आणि ते काढून टाक म्हणाले तर काढायला लावणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे निघायच्या तयारीत होतो, ऊन चढायच्या आत परत यायचं म्हणून. सायकल यावेळी रात्रभर अंगणातच होती. आप्पा गोठ्यातून आले, वाकले, आणि मागच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला. हवा जास्त भरलीस, म्हणाले, उन्हात फुटेल. मग हँडलवरून, गिअरच्या तारेवरून हात फिरवत विचारलं, “कितलाले लिधी?”

मी निम्मी किंमत सांगितली. तरी त्यांनी हात काढून घेतला.